मोनाड, ॲप्लिकेटिव्ह शिकायचंय? डेरीच्या पावतीपासनं सुरू करा

मी कोल्हापुरात राजारामपुरीत बसून वेबसाइटची कामं करतो, रोजची भाकरी जावास्क्रिप्टवरच. घर मात्र करवीर तालुक्यातल्या गावात, दारात तीन म्हशी, त्यामुळं फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घनभाग), पावती, दहा दिवसाचं बिल हे शब्द मला लूप आणि फंक्शनच्या लय आधीपासनं माहिती. दोन वर्षांपूर्वी हास्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली, सुरुवातीला भारी वाटली, आणि मोनाडपाशी (एका पायरीचं उत्तर घेऊन पुढची पायरी जोडायची तिच्यातली रीत) येऊन जो रुतलो तो सहा महिने तिथंच. जे सापडेल ते वाचत होतो. एकजण म्हणतो मोनाड म्हणजे डबा, दुसरा म्हणतो गुंडाळलेली पोळी, तिसरा म्हणतो अंतराळवीराचा सूट. वाचताना सगळं पटायचं आणि कोड लिहायला बसलं की बोंब.

शेवटी उपमा दिल्या सोडून आणि गावच्या डेरीच्या पावत्या तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तीन आठवड्यात गाठ सुटली. ज्या क्रमानं सुटली त्याच क्रमानं खाली लिहितोय, मधले जे सहा महिने वाया गेले ते गाळून.

एक प्रश्न आत्ताच पाठ करून ठेवा, तो पुढं सारखा येणाराय: पुढची पायरी कोणती हे ठरवायला मागच्या पायरीचं उत्तर हातात लागतं का? लागत असेल तर मोनाड. नसेल लागत, पायऱ्या आपापल्या सुट्या असतील, तर ॲप्लिकेटिव्हवर भागतं.

आणि हो, खालचा कोड मी मुद्दाम देवनागरीत लिहिलाय, म्हणजे वाचताना नजर अर्थावर राहील. मशीनवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा.

१. आधी सामान गोळा करा

कागदपत्रं काही नकोत, आधार कार्डसुद्धा नको. हे पाहिजे:

- साधा लॅपटॉप, पाच-सहा जीबी मोकळी जागा असलेला. कंपायलर चांगला जाडजूड आहे.
- जीएचसीअप नावाचा इन्स्टॉलर. त्यातनं जीएचसी (म्हणजे ग्लासगो हास्केल कंपायलर), कबाल (प्रोजेक्ट बांधायचं नि लायब्ऱ्या आणायचं हत्यार) आणि एडिटरसाठी लागणारा हास्केल लँग्वेज सर्व्हर, तिन्ही येतात.
- व्हीएस कोड हा एडिटर आणि त्यातलं हास्केलचं एक्स्टेंशन.
- हूगल ही शोधायची साइट. यात फंक्शनचं नाव माहीत नसलं तरी चालतं, नुसता टाइप (फंक्शन काय घेतं नि काय देतं त्याचा साचा) टाकला तरी फंक्शन सापडतं.
- वही आणि पेन. गंमत नाही करत, खरंच लागतं.

उबुंटू वापरणाऱ्यांनी इथं जरा सांभाळा. नेहमीच्या ॲप्ट-गेटनं जीएचसी टाकला तर बऱ्याचदा जुनी आवृत्ती येते, मग लँग्वेज सर्व्हर तिच्याशी जुळत नाही आणि एडिटरात सगळीकडं लाल रेघा. माझा एक अख्खा रविवार यातच गेला. जीएचसीअपवरनंच टाका, आणि त्यात जी आवृत्ती 'रेकमेंडेड' म्हणून दाखवतात तीच घ्या, सगळ्यात नवीन असेल ती घ्यायचा मोह नको. विंडोजवर पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडू नका, साध्या युजरनंच चालवा.

झालं की टर्मिनलात जीएचसीआय उघडा, म्हणजे हास्केलची एकेक ओळ टाकून लगेच उत्तर बघायची जागा. पुढचं सगळं तिथंच करायचंय. त्यातली एक कमांड अंगवळणी पाडा, कोलन टी. कुठल्याही गोष्टीचा टाइप ती सांगते. मी दिवसाला शंभर वेळा मारत असेन.

२. टाइप वाचता येतो का बघा, नसेल तर इथंच थांबा

ही पायरी मी गाळली होती आणि खरं नुकसान तिथंच झालं. मोनाडचा गोंधळ बहुतेक वेळा मोनाडचा नसतोच, टाइप नीट वाचता येत नसतो.

हास्केलमध्ये दोन आकड्यांची बेरीज करणाऱ्या फंक्शनचा टाइप असा:

    बेरीज :: इंट -> इंट -> इंट

दोन बाण का? कारण हे फंक्शन एकावेळी एकच आकडा घेतं. बेरीज ३ एवढंच लिहिलं तर एरर येत नाही, 'अजून एक आकडा द्या, मग उत्तर देतो' असं म्हणणारं नवीन फंक्शन मिळतं. याला करिंग म्हणतात, हास्केल करी या गणितज्ञावरनं. भाषेचं नावही त्याच्यावरनंच. हे अर्धवट भरलेलं फंक्शन डोक्यात पक्कं बसवा, कारण ॲप्लिकेटिव्हचा सगळा खेळ त्याच्यावर चालतो.

सराव म्हणून मॅप, फिल्टर, फोल्डआर आणि डॉट यांचे टाइप वहीत लिहा आणि प्रत्येकाखाली मराठीत एक वाक्य लिहा की हे काय घेतं नि काय देतं. चार दिवस लागले तर लागू देत. डॉटचा टाइप वाचून 'अच्छा, हे तर दोन फंक्शनं जोडतंय' असं आपोआप तोंडातनं निघालं की पुढं चला.

३. मेबी वापरून जिना बांधा, घाण कोड मुद्दाम लिहा

आता डेरी. सकाळी दूध घातलं की संस्थेत काय होतं? सभासद कोड विचारतात, त्यावरनं खातं काढतात, त्या खात्याला म्हैस आहे का गाय ते बघतात, मग त्या जनावराच्या दरपत्रकात फॅटच्या रकान्यात दर शोधतात. यातली कुठलीही पायरी फसू शकते, कोड चुकीचा असेल, खात्यावर जनावर लावलेलं नसेल, फॅट दरपत्रकात बसत नसेल. म्हणून तिन्ही फंक्शनं मेबी देतात, म्हणजे सापडलं तर जस्ट, नाही सापडलं तर नथिंग:

    सभासदशोध :: कोड -> मेबी सभासद
    जनावरशोध :: सभासद -> मेबी जनावर
    दरशोध    :: जनावर -> फॅट -> मेबी दर

आतून तिन्ही साध्या लुकअपवर लिहा, यादीतनं शोधणारं लुकअप हास्केलमध्ये तयार आहे आणि ते मेबीच देतं. मग तिन्ही जोडा, पण मोनाड न वापरता:

    बिलदर कोड फॅट =
      केस सभासदशोध कोड ऑफ
        नथिंग  -> नथिंग
        जस्ट स ->
          केस जनावरशोध स ऑफ
            नथिंग  -> नथिंग
            जस्ट ज -> दरशोध ज फॅट

तीनच पायऱ्या आहेत तर एवढंसं दिसतंय. खऱ्या प्रोग्रॅममध्ये माझ्या सहा झाल्या आणि कोड स्क्रीनच्या उजव्या काठाला जाऊन टेकला. जोतिबाच्या पायऱ्या निदान वर तरी नेतात, ह्या नुसत्याच तिरक्या. तरी हे हातानं टाइप करा, कॉपी-पेस्ट करू नका. 'नथिंग तर नथिंग' ही ओळ चौथ्यांदा लिहिताना वैताग आला पाहिजे. तो वैताग आला नाही तर पुढची पायरी जादू वाटेल आणि मग ती लक्षात राहणार नाही.

४. एफमॅप कुठवर पुरतं ते बघा

आतल्या किमतीवर साधं फंक्शन चालवायचं असेल तर एफमॅप पुरतं. दर मिळाला, त्याला लिटरनं गुणायचंय:

    एफमॅप (* लिटर) (बिलदर कोड फॅट)

दर असेल तर गुणाकार, नसेल तर नथिंगच राहतं. एफमॅप ज्याच्यावर चालतं त्याला फंक्टर म्हणतात, बस, एवढंच.

आता मुद्दाम चूक करा. जनावरशोध हे फंक्शन सभासदशोधच्या उत्तरावर एफमॅपनं चालवून बघा आणि कोलन टी मारा. टाइप येतो मेबी (मेबी जनावर). मेबीच्या आत मेबी. का? कारण जनावरशोध स्वतःच मेबी देतं आणि एफमॅप त्यावर मेबीचं वेष्टण आणखी एकदा घालतं. म्हणजे आपल्याला असं काहीतरी पाहिजे जे चालवेलही आणि दोन वेष्टणांचं एक करेल. हे स्वतःच्या डोळ्यानं जीएचसीआयमध्ये बघितलं ना, की अर्धा मोनाड कळला म्हणून समजा.

५. बाइंड स्वतःच्या हातानं लिहा, मगच तयार वापरा

जिन्यात जी ओळ सारखी येत होती ती एका फंक्शनात काढा. मी त्याचं नाव 'पुढं' ठेवलं होतं:

    पुढं :: मेबी अ -> (अ -> मेबी ब) -> मेबी ब
    पुढं नथिंग     _ = नथिंग
    पुढं (जस्ट क्ष) फ = फ क्ष

दोन ओळी. यात डबा नाही, पोळी नाही, सूट नाही. आता जिना असा सपाट होतो:

    बिलदर कोड फॅट =
      सभासदशोध कोड `पुढं` \स ->
      जनावरशोध स  `पुढं` \ज ->
      दरशोध ज फॅट

आता जीएचसीआयमध्ये >>= चा टाइप बघा, कंसात टाकून. तुमच्या 'पुढं'चाच टाइप आहे, फक्त मेबीच्या जागी म असं मोकळं अक्षर. यालाच बाइंड म्हणतात. आणि डू म्हणजे हेच, जरा नटवून:

    बिलदर कोड फॅट = डू
      स <- सभासदशोध कोड
      ज <- जनावरशोध स
      दरशोध ज फॅट

दुसऱ्या ओळीत पहिलीतला स वापरलाय आणि तिसरीत दुसरीतला ज. सभासद सापडल्याशिवाय त्याचं जनावर शोधताच येत नाही. मागच्याचं उत्तर पाहिजेच, म्हणून मोनाड.

इथं थांबू नका मात्र. एका मेबीवर मोनाड कळला असं वाटतं, पण कळलेला असतो मेबी. हेच 'पुढं' अजून तीन प्रकारांसाठी हातानं लिहा. पहिला आयदर, ज्यात नथिंगच्या जागी लेफ्टमध्ये काय चुकलं त्याचं कारण ठेवता येतं. दुसरा लिस्ट, याला थोडा वेळ द्या, [१,२,३] >>= \क्ष -> [क्ष, क्ष*१०] याचं उत्तर [१,१०,२,२०,३,३०] का येतं ते वहीत सोडवून बघा. तिसरा स्टेट, म्हणजे जुनी अवस्था घेऊन उत्तर नि नवी अवस्था अशी जोडी देणारं फंक्शन, आपल्याकडं म्हणायचं तर चालू बेरीज पुढच्या पानावर ओढत नेणारं खातं. स्टेटनं मला दोन दिवस घाम फोडला. चौथा लिहून झाला तेव्हा जाणवलं की चारही वेळा टाइपचा साचा एकच होता, आतलं काम तेवढं वेगळं. मोनाड हे नाव त्या साच्याचं आहे.

थोडा इतिहास, कारण तो माहीत असला की नावाची भीती जाते. हास्केलची पहिली व्याख्या १९९० ची, आणि तिच्यात कीबोर्ड-फाइल वगैरे बाहेरच्या जगाशी बोलायला मोनाड नव्हता, वेगळीच अवघड व्यवस्था होती. युजेनियो मोजी यांनी १९८९ मध्ये प्रोग्रॅमच्या अर्थाचा अभ्यास करताना ही गणितातली कल्पना वापरली, फिलिप वॅडलर यांनी ती फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये आणली आणि १९९६ च्या हास्केल १.३ मध्ये आयओ, म्हणजे बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण, मोनाडवर आला. म्हणजे हास्केल बनवणाऱ्यांनासुद्धा पहिली काही वर्षं हे सुचलं नव्हतं, मग आपल्याला सहा महिने लागले तर कुठं बिघडलं.

६. ॲप्लिकेटिव्ह: पावतीवरच्या सगळ्या चुका एकदम दाखवा

आता दुसरं काम. पावतीची नोंद तपासायची: लिटर शून्यापेक्षा जास्त पाहिजे, फॅट ठरलेल्या हद्दीत पाहिजे, एसएनएफ पण. प्रश्न विचारा. फॅट तपासायला लिटरचं उत्तर लागतं का? नाही लागत. तिन्ही तपासण्या एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत.

    पावती <$> लिटरतपास अ <*> फॅटतपास ब <*> एसएनएफतपास क

ही ओळ हळूहळू वाचा. पावती हे तीन गोष्टी घेऊन नोंद बनवणारं फंक्शन. <$> म्हणजे एफमॅपच, मधे बसवलेलं. त्यानं पहिली गोष्ट भरली की उरतं दोन गोष्टींची वाट बघणारं अर्धवट फंक्शन, आणि तेही वेष्टणाच्या आत. (पायरी २ इथं कामाला आली बघा.) वेष्टणातलं फंक्शन आणि वेष्टणातली किंमत यांची गाठ घालून देणारा म्हणजे <*>. जीएचसीआयमध्ये जस्ट (+३) <*> जस्ट ४ टाका, जस्ट ७ येईल. मग [(+१),(*२)] <*> [१०,२०] टाका, [११,२१,२०,४०] येईल, प्रत्येक फंक्शन प्रत्येक आकड्यावर. साधी किंमत वेष्टणात घालायला प्युअर आहे. झालं, ॲप्लिकेटिव्हमध्ये एवढंच असतं.

मग प्रश्न पडतो की मोनाडनं हे सगळं होतंच की, मग हे वेगळं कशाला? मलाही तेच वाटायचं, आणि तपासणी आयदरच्या डूमध्ये लिहून मी आमच्या संस्थेच्या सचिव आण्णांना दाखवली. त्यांनी लिटर उणे टाकलं, फॅट पासष्ट टाकलं. स्क्रीनवर आलं, 'लिटर चुकीचं'. ते दुरुस्त केलं तर 'फॅट चुकीचं'. आण्णा म्हणाले, "बाळा, एकदाच सगळं सांग की, एवढ्यात माझ्या तीन म्हशीच्या धारा निघतील."

त्यांचं बरोबर होतं. आयदर पहिल्या लेफ्टपाशी थांबतो, त्याला पर्यायच नाही. म्हणून स्वतःचा एक प्रकार बनवा, मी व्हॅलिडेशन म्हणतो (या नावाची तयार लायब्ररी पण मिळते, पण एकदा हातानं लिहा):

    डेटा व्हॅलिडेशन च अ = चुकलं च | जमलं अ

    चुकलं क <*> चुकलं ख = चुकलं (क <> ख)
    चुकलं क <*> जमलं _ = चुकलं क
    जमलं _ <*> चुकलं ख = चुकलं ख
    जमलं फ <*> जमलं क्ष = जमलं (फ क्ष)

पहिली ओळ बघा. दोन्हीकडं चूक असेल तर चुका जोडल्या जातात. <> म्हणजे जोडणं, चुकांची लिस्ट ठेवलीत तर दोन लिस्टी एकामागं एक लागतात. वरची पावतीची ओळ एका अक्षरानं न बदलता आता तिन्ही चुका एकदम दाखवते, फक्त तपास-फंक्शनांनी आयदरऐवजी व्हॅलिडेशन दिलं पाहिजे.

आता याला बाइंड लिहायचा प्रयत्न करा, खरंच बसून करा. पहिली तपासणी चुकली तर हातात किंमत नाही. बाइंडमध्ये दुसरी तपासणी ही फंक्शनच्या आत बसलेली असते, आणि ते फंक्शन किंमत मिळाल्याशिवाय उघडत नाही. म्हणजे दुसरीतली चूक गोळा करायला तिच्यापर्यंत पोचताच येत नाही. 'पहिली चूक आली की थांबा' असा बाइंड लिहाल, तर तो चुका गोळा करणाऱ्या <*> शी विसंगत होतो, आणि एकाच प्रकारात हे दोन्ही जुळलेच पाहिजेत असा नियम आहे. म्हणून व्हॅलिडेशन ॲप्लिकेटिव्ह आहे, मोनाड नाही. हे ज्या दिवशी स्वतः अडकून कळलं त्या रात्री मी गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध पिऊन आलो, मोठा ग्लास.

आता व्यवहारातली गोष्ट. जावास्क्रिप्टवाल्यांनो, तुमच्या कोडमध्ये तीन अवेट एकाखाली एक आहेत आणि तिसऱ्याला पहिल्याचं काही घेणंदेणं नाही, असं किती ठिकाणी आहे बघा. प्रत्येक अवेट मागच्याची वाट बघत बसतो, विनाकारण. प्रॉमिस.ऑल लावलं की तिन्ही एकदम सुटतात. अवेटची रांग मोनाडच्या वळणाची, प्रॉमिस.ऑल ॲप्लिकेटिव्हच्या वळणाचं. (प्रॉमिस हा अगदी काटेकोर मोनाड नाही, प्रॉमिसच्या आत प्रॉमिस तो राहूच देत नाही, पण आपल्याला मुद्दा कळण्याशी मतलब.) फेसबुकनं २०१४ मध्ये हॅक्सल नावाची हास्केल लायब्ररी खुली केली ती याच कल्पनेवर. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या डेटाच्या मागण्या ॲप्लिकेटिव्हनं आधीच दिसतात, मग त्या एकत्र करून पाठवता येतात. मोनाडमध्ये पुढं काय येणार हे आधी दिसतच नाही. म्हणजे मोनाडची ताकद जास्त खरी, पण तेवढी ताकद घेतली की आधीपासनं बघण्याची सोय गेली.

नावाचं म्हणाल तर ॲप्लिकेटिव्हला हे नाव आणि आजचं रूप कॉनर मॅकब्राइड आणि रॉस पॅटरसन यांच्या २००८ च्या निबंधातनं मिळालं, मोनाडच्या बरंच नंतर.

७. ट्रॅव्हर्स शिका, मेहनत इथं वसूल होते

एक पावती तपासली. सकाळच्या दोनशे पावत्या? लूप नको. ट्रॅव्हर्स:

    ट्रॅव्हर्स पावतीतपास सगळ्यानोंदी

सगळ्या बरोबर असल्या तर पावत्यांची एक लिस्ट, वेष्टणात घातलेली. पावतीतपास मेबी देत असेल तर एक जरी चूक असली तरी अख्खं उत्तर नथिंग. आयदर देत असेल तर पहिली चूक. व्हॅलिडेशन देत असेल तर दोनशेतल्या सगळ्या चुका. ट्रॅव्हर्सची ओळ तिन्ही वेळा तीच. आणि त्याला नुसता ॲप्लिकेटिव्ह पुरतो, मोनाड मागत नाही, कोलन टी मारून खात्री करा. सीक्वेन्सए हा त्याचाच भाऊ, वेष्टणांची लिस्ट घेऊन लिस्टचं एक वेष्टण करणारा.

८. नियम

मोनाडचे नियम तीन आहेत, पाठ करू नका. प्युअरनं घालून लगेच बाइंड केलं तर नुसतं फंक्शन चालवल्यासारखंच झालं पाहिजे, शेवटी प्युअर लावलं तर काही बदलायला नको, आणि कंस कुठंही टाकले तरी उत्तर तेच. तुमच्या हातच्या चारही 'पुढं'वर दोन-दोन उदाहरणं घालून बघा, अर्धा तास पुरे.

९. इथं हमखास पाय घसरतो

लेट आणि उलटा बाण. डूमध्ये लेट ओळ = गेटलाइन लिहिलं तर ओळ या नावात मजकूर येत नाही, 'ओळ वाचायची' हे काम तेवढं येतं. मजकूर पाहिजे तर ओळ <- गेटलाइन. आणि उलट बाजूनं, साध्या फंक्शनच्या उत्तरापुढं बाण लावला की कंपायलर टाइप जुळत नाही म्हणून ओरडतो. ही चूक मी अजून करतो.

रिटर्न. दुसऱ्या भाषांतनं आलेल्यांना वाटतं रिटर्न आला की फंक्शन संपलं. इथं तसं काही नाही, तो नुसता प्युअर आहे, त्याच्या खालच्या ओळी सुरळीत चालू राहतात. गोंधळ नको म्हणून मी तर प्युअरच लिहितो.

आयओतनं किंमत 'बाहेर काढायची' धडपड. आयओ स्ट्रिंगचं स्ट्रिंग कसं करायचं, हे प्रत्येक नवा माणूस विचारतो. करायचं नाही. साधी फंक्शनं वेगळी लिहा, आणि मेनच्या डूमध्ये बाणानं किंमत घेऊन त्यांना द्या. इंटरनेटवर एक 'अनसेफ' नावानं सुरू होणारं फंक्शन सापडेल, नावातच लिहिलंय, हात लावू नका.

रीड. आकडा वाचायला रीड वापरलं आणि कुणी फॅटच्या जागी 'सहा' असं लिहिलं की प्रोग्रॅम तिथंच आडवा. रीडमेबी वापरा, टेक्स्ट.रीड या मॉड्यूलमध्ये आहे. ते मेबी देतं आणि आत्तापर्यंतची मेहनत थेट कामाला येते.

जुने धडे. नेटवर २०१५ च्या आधीचं लय सामान पडलंय, त्यात नुसता मोनाडचा इन्स्टन्स (आपला प्रकार मोनाड कसा होतो ते सांगणारा कोड) लिहिलेला असतो. जीएचसी ७.१० पासनं, म्हणजे २०१५ पासनं, मोनाड व्हायला आधी ॲप्लिकेटिव्ह आणि त्याच्याआधी फंक्टर असावंच लागतं. तो कोड टाकला की 'ॲप्लिकेटिव्हचा इन्स्टन्स नाही' अशी एरर येते आणि नवा माणूस समजतो आपलंच चुकलं. तसंच फेल हे फंक्शन २०१९ च्या ८.८ मध्ये मोनाडमधनं काढून मोनाडफेल या वेगळ्या क्लासात गेलं. तारीख बघून वाचा.

लांबलचक एरर. खालनं वर नाही, वरनं खाली वाचा, आणि 'एक्स्पेक्टेड' नि 'ॲक्च्युअल' या दोन ओळी वहीत एकाखाली एक लिहा. तरी कळलं नाही तर अडलेल्या जागी नुसता अंडरस्कोर टाका, कंपायलर सांगतो तिथं कुठल्या टाइपची वस्तू बसेल. याला टाइप्ड होल म्हणतात. नाद खुळा सोय आहे आणि कुणी आधी सांगतच नाही.

टॅब. डूमध्ये टॅब आणि स्पेस मिसळू नका. एडिटरला स्पेसच लावा.

कॅटेगरी थिअरी, म्हणजे मोनाड ज्या गणितातनं आला ते. मी अर्धवट शिकून आलो, कोडला दमडीचा उपयोग झाला नाही. आवड म्हणून नंतर जरूर वाचा, छान आहे. मोनाड ट्रान्सफॉर्मरही (एका मोनाडवर दुसरा चढवायची सोय) आत्ता नको. आयओच्या आत मेबी आला की हात शिवशिवतात, पण पहिले दोन महिने तिथं साधा केस लिहा.

१०. यानंतर हे लिहून बघा

स्वतःचा पार्सर. टाइप साधा: मजकूर घेतो, आणि जमलं तर उत्तर नि उरलेला मजकूर अशी जोडी मेबीत देतो. म्हणजे स्टेट आणि मेबी एकत्र, दोन्ही तुम्ही आधी हातानं लिहिलेत. फंक्टर, ॲप्लिकेटिव्ह, मोनाड तिन्ही इन्स्टन्स लिहा, सगळं मिळून पन्नास ओळीत बसतं.

मग त्याच्याकडनं डेरीची फाइल वाचून घ्या. '६.५' हे फॅट वाचायला आधी आकडे, मग टिंब, मग आकडे. टिंबानंतर काय वाचायचं ते आधीच ठरलंय, नुसत्या <*> वर होतं. सभासद कोड, लिटर, फॅट, एसएनएफ अशी पूर्ण ओळसुद्धा तशीच होते. पण आमच्या संस्थेच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीत एक आकडा असतो, आज किती पावत्या झाल्या त्याचा, आणि त्याखाली तेवढ्याच ओळी. मी आधी ती पण <*> नं वाचायला गेलो आणि दुपारभर डोकं आपटलं. १८७ हा आकडा वाचल्याशिवाय खाली किती वेळा वाचायचं ते कुठनं कळणार? तिथं एक बाइंड लागला, अख्ख्या फाइलमध्ये एकच. (खालचं रेप्लिकेटएम म्हणजे तेच काम तितक्या वेळा करणारं फंक्शन.)

    फाइलवाचन = डू
      किती <- आकडावाचन
      रेप्लिकेटएम किती ओळवाचन